तंबूत जाण्यापूर्वीचे दहा दिवस

चैत्र लागला की दवाखान्यातल्या तक्रारींचे स्वरूप बदलते. सर्दी-खोकला मागे पडतो आणि डोके जड होणे, पायांत गोळे येणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे या गोष्टी कानी येऊ लागतात. वास्तविक वैशाखवणवा अद्याप दूर असतो. मग आत्ताच हा त्रास का? वाचकहो, ऊन वाढलेले असते, पण आपले शरीर मात्र अजून माघ-फाल्गुनातच रेंगाळत असते.

उन्हाचा सराव व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, तो अधिक येतो, पण त्यातून मीठ कमी जाते. रक्तातील द्रवभागही वाढतो आणि हृदयावरचा ताण हलका होतो. आठवडाभर वातानुकूलित खोलीत बसून शनिवारी एकदम डोंगरावर चढणाऱ्याला यातले काहीच लाभत नाही. म्हणून सहल ठरली असेल तर तिची तयारी पिशवीपासून नव्हे, शरीरापासून सुरू करा. निरोगी माणसाने रोज थोडा घाम येईल इतके सकाळी उशिरा किंवा सायंकाळी चालावे. पहिल्या दिवशी वीस मिनिटे, मग हळूहळू वाढवत न्यावे.

हे सांगण्याचे निमित्त घरचेच आहे. येत्या दुसऱ्या शनिवारी आम्ही नाशिकहून भंडारदऱ्याला, आर्थर जलाशयाच्या काठी तंबूत मुक्कामाला जाणार आहोत. कुसुंबाला तांबडी पालवी फुटली असेल, समोर कळसूबाई असेल आणि पहाटे पांघरूण लागेल. पुतण्यांना काजवेही पाहायचे आहेत. त्यासाठी मेअखेरपर्यंत थांबावे लागते, हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.

खरा प्रश्न आईचा आहे. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. “अरे, तुझे वडील मला भंडारदऱ्याला नेणार नेणार म्हणत राहिले, आता तू तरी ने,” असे ती म्हणाली आणि माझ्यातला डॉक्टर गप्प झाला. तिला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. या वयात तहानेची जाणीव मंदावते. शरीरातले पाणी घटले तरी घसा कोरडा पडल्याचे कळत नाही. अशा माणसाला ‘तहान लागली की पी’ म्हणणे व्यर्थ आहे. अशी गोळी आपल्या मनाने बंदही करू नये; निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना मात्र अवश्य विचारावे. तिच्यासाठी मी तासातासाने पाणी वा ताक देण्याचे काम थोरल्या पुतण्याकडे सोपवले आहे. दुपारी अकरा ते चार ती सावलीत बसेल, ही अट तिने कुरकुरत मान्य केली.

मुलांची गोष्ट निराळी. ती खेळाच्या भरात पाणी विसरतात. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला की खेळ थांबवावा. जलसंजीवनीची पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावी. ‘जास्त गुण यावा’ म्हणून पेलाभर पाण्यात ओतणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नका.

रात्रीचे भय वेगळे असते. उन्हाळ्यात विंचू बाहेर पडतात, मण्यार जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तो दंश पुष्कळदा जाणवतही नाही. तंबूची चेन पूर्ण लावावी, बूट झटकून घालावेत, विजेरी हाताशी ठेवावी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून अनेकांचे प्राण वाचले; पण ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे असते. म्हणून जवळचे ग्रामीण रुग्णालय कोठे आहे, हे तंबू ठोकण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

आई आता रोज सायंकाळी गच्चीवर फेऱ्या मारते. काल बारा झाल्या. खाली आल्यावर तिने विचारले, “तंबूत उशी देतात, की आपली न्यायची?”