विंचवाच्या गाडीतला ऐब

गाडी घरी आणली त्या दिवशी अब्बांनी बोनेटवरचा विंचू पाहिला आणि म्हणाले, "लोक गाडीवर माशाअल्लाह लिहितात, तू हे काय चिकटवून आणलंस?" मी सांगितलं, मी नाही चिकटवलं, कंपनीचंच चिन्ह आहे. कार्लो अबार्थ नावाच्या माणसाने १९४९ मध्ये इटलीत कंपनी काढली. त्याची रास वृश्चिक, म्हणून विंचू. अब्बा म्हणाले, "म्हणजे नांगी असणारच."

२०२१ ची गोष्ट. गाडी अबार्थ पुंटो, २०१६ चं मॉडेल. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ती भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत ९ लाख ९५ हजार होती. दिसायला साधी हॅचबॅक, पण आत १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्तीचं. नवी घेण्याची ऐपत नव्हती आणि व्याजाच्या कर्जावर गाडी घ्यायची नाही हे घरात ठरलेलं. तीन वर्षं पैसे साठवले. एका सेकंडहँड डीलरकडे ही सापडली. मीटरवर ३८ हजार किलोमीटर. साडेपाच लाख एकरकमी दिले.

रोजचा रस्ता कोंढवा ते खराडी, जाऊन-येऊन तीस किलोमीटर. शहरात लिटरला अकराच्या वर ती कधी गेली नाही. क्लच जड, ट्रॅफिकमध्ये डावा पाय भरून यायचा. सस्पेन्शन इतकं कडक, की अम्मी मागे बसली की प्रत्येक स्पीड ब्रेकरला "या अल्लाह" ऐकू यायचं. पण कधी फजरनंतर नगर रस्त्याने रांजणगावच्या दिशेने निघालो, की तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो जोर धरायचा आणि पाठ सीटला टेकायची. त्याच रांजणगावच्या कारखान्यात ती बनली होती. त्या दहा मिनिटांसाठी मी आठवडाभराचा ट्रॅफिक सोसत असे.

सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगसाठी नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांमागे बसणाऱ्या उस्तादांकडे नेली. त्यांनी बोनेट उघडण्याआधी दार उघडलं. ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत. ड्रायव्हर सीटची कड बसलेली. चाकांमधून हात घालून डिस्कवरून बोट फिरवलं, तर कडेला झिजेचा काठ चांगलाच जाणवत होता. टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवून म्हणाले, "हे वाच. २२१९, म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. पहिला सेट तेव्हाच संपला, आणि गाडी म्हणे ३८ हजार चालली?" मग म्हणाले, "भाई, मीटर खोटं बोलतंय."

सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस नंबर देऊन जुन्या नोंदी काढल्या. २०१९ मध्येच ७१ हजार लिहिलेले होते. हे काम घेण्याआधी करायला हवं होतं. मी टेस्ट ड्राइव्हमध्येच प्रेमात पडलो होतो.

मीटरचा आकडा फक्त किमतीपुरता असता तर मी गप्प बसलो असतो. या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो रबराचा, ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. धावत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. खोट्या आकड्यावर विसंबून मी अजून दोन वर्षं तो बेल्ट तसाच ठेवला असता. कुटुंबाला घेऊन, हायवेवर. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून वीस हजारांच्या वर गेले. डीलर म्हणाला, "आमच्याकडे आली तेव्हा एवढंच दाखवत होती." त्याने लिहून काहीच दिलं नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं.

चार वर्षांनी गाडी विकायची वेळ आली. घरात दोन मुलं, मागच्या सीटवर जागा पुरेना. मीटर ७८ हजार दाखवत होतं. खरा आकडा किमान १ लाख ११ हजार. एजंट म्हणाला, "मीटर तुम्ही थोडंच फिरवलंय? तुम्ही जे दिसतंय तेच सांगताय." दोन दिवस मला हे पटलेलंही होतं. जो तोटा मला झाला तो मी पुढे ढकलला, तर माझं काय चुकलं?

मग मदिनेच्या बाजाराचा तो प्रसंग आठवला, जो आपण लहानपणी मकतबमध्ये ऐकलेला असतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तर आतलं धान्य ओलं. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. त्यांनी विचारलं, मग ते वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणारा आपल्यातला नाही असंही बजावलं. धान्य त्या माणसाने भिजवलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. पाऊस त्याचा नव्हता. झाकणं मात्र त्याचं होतं.

एका कागदावर सगळं लिहिलं: २०१९ ची नोंद, मीटरचा फरक, बेल्ट कधी बदलला, क्लचचं काम लवकरच निघेल. फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला. तीन गिऱ्हाइकं कागद वाचून निघून गेली. चौथा मुलगा हडपसरचा. त्याने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "बेल्टचं बिल आहे का?" होतं. भाव मात्र त्याने सत्तर हजारांनी पाडला. ते सत्तर हजार मला जड गेले, आजही आठवतात.

फॉर्म २९ आणि ३० वर आमच्या सह्या झाल्या. त्या कागदावरही दोघांनी सही केली आणि एक प्रत मी त्याला दिली. म्हटलं, जपून ठेव. तू विकशील तेव्हा पुढच्याला दाखवायला लागेल.