न झालेली कुस्ती

आमच्या घरात एक कुस्ती गेली साठ वर्षं चालू आहे. अडचण एवढीच, की ती अजून लागलेलीच नाही.

मारुती माने विरुद्ध गणपतराव आंदळकर. मुक्काम जकार्ता, साल १९६२. आमच्या बाबांचे पैलवान माने. बाबांचे बालमित्र, ज्यांना मी कळायला लागल्यापासून 'काका' म्हणतो, त्यांचे आंदळकर. दोघांनी वर्ध्यात सोळा-सतराव्या वर्षी एका आखाड्यात अंगाला माती लावून घेतली होती. लावून घेतली होती एवढंच म्हणतो, कारण पुढे एक पोस्टात चिकटले आणि दुसरे शाळामास्तर झाले. पण तेवढ्या मातीवर दोघं आजतागायत पैलवानांचे कैवारी आहेत.

त्या वर्षीच्या आशियाई स्पर्धेत हे दोन्ही पैलवान उतरले होते. माने ९७ किलोच्या गटात, आंदळकर त्याच्या वरच्या, म्हणजे सगळ्यात जड गटात. मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य आणलं. आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. म्हणजे जमेकडे एक सोनं, एक चांदी आणि नावेकडेही एक सोनं, एक चांदी. आमच्या बँकेत संध्याकाळी असा मेळ बसला तर मॅनेजरसाहेब स्वतः चहा सांगतात. इथे मात्र त्यावरून साठ वर्षं भांडण! गट निराळे, त्यामुळे जकार्तात दोघांची गाठ पडायचा प्रश्नच नव्हता. आणि प्रश्न नसला की बाबा आणि काका हमखास उत्तर देतात.

"फ्रीस्टाइलचं सोनं ते खरं सोनं," बाबा म्हणणार. "ग्रीकोत कमरेखाली हातच नाही लावता येत. अर्धी कुस्ती ते!"

"अबे, अर्ध्या अंगानं जो जिंकते, थो पूर्ण अंगानं का करन?" काका. "अन् वजन? वजन का तुया बापानं मोजलं?"

हिंदकेसरी काढावी, तर आंदळकर १९६० चे आणि माने १९६४ चे. काका म्हणतात, आधी कोणाला मिळाली ते पाहा. बाबा म्हणतात, ताजा माल कोणता ते पाहा.

मी पडलो कॉमर्सचा. वाटलं, हा हिशेब कोणीतरी एकदाचा मिटवला पाहिजे. एका दिवाळीत दोघांना शेजारी बसवून मोबाइलवर मुष्टियुद्धं दाखवली. माझं म्हणणं असं, की कोणी कोणाला हरवलं याची साखळी जोडली की न झालेल्या लढतीचा निकाल आपोआप निघतो. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला जो फ्रेझरने महंमद अलीला हरवलं. १९७३ च्या जानेवारीत जॉर्ज फोरमनने त्या फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर पाडलं. तेव्हा फोरमनपुढे अली म्हणजे कोशिंबीर, हे कोणताही बी.कॉम. सांगेल. १९७४ मध्ये किन्शासाला अलीने आठव्या फेरीत फोरमनला आडवं केलं! माझी साखळी गोल फिरून माझ्याच पायात आली. बँकेत अशी नोंद सापडली तर चौकशी लागते.

"आणि हा केन नॉर्टन," मी नेटाने पुढे रेटलं, "यानेही १९७३ मध्ये अलीला हरवलं, वर जबडा मोडला. आता फ्रेझर आणि नॉर्टन दोघं एकाच काळातले, दोघंही भारी वजनाचे, पण एकमेकांशी कधी लढलेच नाहीत."

"काहून?"

"दोघांचा वस्ताद एकच, एडी फच. शिवाय नॉर्टन फ्रेझरच्या सरावाची जोड."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या दिवसातलं हे पहिलं एकमत. "मंग बरोबर हाय," काका म्हणाले, "एका वस्तादाचे पठ्ठे गावापुढे कायले लढतीन?" एवढं बोलून दोघं पुन्हा जकार्ताला रवाना झाले.

यंदा पावसाळ्यात काका मोरीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं. आमची शाखा सावंगी (मेघे) इथे. वर्ध्याहून यवतमाळच्या वाटेला लागलं की हे गाव लागतं, आणि इथल्या मोठ्या दवाखान्यामुळे निम्मा विदर्भ आमच्या काउंटरवरून जातो. पासबुक भरून देताना पेशंट कसा आहे हे विचारायची मला सवयच झाली आहे. त्या आठवड्यात मात्र लोक मला विचारत होते.

बाबा रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून यायचे आणि भेटायची वेळ होईपर्यंत बँकेच्या बाकावर बसायचे. पहिल्या दिवशी वॉर्डात शिरताच म्हणाले, "का बे, आंदळकरचा माणूस मोरीत चीत?" काका हसले नाहीत. ऐंशीच्या वयात भूल द्यायची, हृदय तेवढं बळकट नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बाहेर सांगितलं होतं. आतल्याला ते सगळं कळलेलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी काकांनी बाबांचा हात धरला. म्हणाले, "जाऊ दे लेका. तुया मानेच जिंकला असता."

मला वाटलं, बाबा आता शड्डू ठोकतील. साठ वर्षांनी निकाल लागला होता! बाबांचा चेहरा मात्र कागदासारखा झाला. "कसा जिंकते?" ते ओरडले. पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. "वजन पाह्यलं का आंदळकरचं? वरच्या गटातला गडी थो! मान्यानं हात घातला असता त उचलला गेला असता का? अक्कल हाय का तुले?" पाच मिनिटं बाबा आंदळकरांच्या वतीने भांडत होते, आणि काका कण्हत कण्हत मान्यांच्या वतीने. शेवटी सिस्टर आल्या आणि त्यांनी कुस्ती सोडवली.

परतताना बाबा स्कूटरवर एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर जेवलेही नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर काका उशीला टेकून चहा पीत होते. बाबांना पाहताच त्यांनी वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "यानं कबूल केलं! आंदळकर भारी म्हणून स्वतःच्या तोंडानं कबूल केलं!"

"आधी तू कबूल केलं!"

"मी भुलीत होतो."

"भूल दुसऱ्या दिवशी दिली बे तुले!"

मग दोघंही माझ्याकडे वळले. मी साक्षीदार. काकांचं म्हणणं, मी जे ऐकलं ते लिहून द्यावं. बाबांचं म्हणणं, द्यावंच, आणि त्यावर बँकेचा शिक्का मारून द्यावा. मी सांगितलं, शिक्का मॅनेजरसाहेबांच्या कुलपात असतो आणि साहेब रजेवर आहेत. साहेब सोमवारी येतात, हे बाबांना ठाऊक आहे.