दातांनी फाडायचं काडतूस

गेल्या रविवारी रात्री धाकट्यासोबत ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ बघत बसलो होतो. टुको बंदुकांच्या दुकानात शिरतो, वेगवेगळ्या रिव्हॉल्व्हरचे भाग खोलतो, सिलिंडर कानाशी धरून फिरवतो, मनासारखं एक हत्यार जुळवतो आणि त्यात पितळी काडतुसं भरतो. धाकट्यानं तिथंच सिनेमा थांबवला. ‘‘अब्बा, ये झूट दिखा रहे. कहानी 1862 की है ना? तब ऐसे कारतूस नहीं थे इसमें.’’

पोरगं नववीत आहे, मोबाईलवरच्या गेममुळे या विषयात माझ्यापेक्षा पुढं आहे. मी शोधून पाहिलं, तर त्याचं खरं निघालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कोल्टचं ते रिव्हॉल्व्हर ठासणीचं होतं. सिलिंडरच्या सहा घरांत एकेक करून दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची आणि मागं प्रत्येक घराला तांब्याची छोटी केप बसवायची. मागून सरळ काडतूस सरकवायची सोय नव्हती. आरपार छिद्राच्या सिलिंडरचं पेटंट रोलिन व्हाइट नावाच्या माणसानं 1855 मध्ये घेतलं आणि ते स्मिथ अँड वेसन कंपनीला वापरायला दिलं. पेटंट 1869 मध्ये संपलं, तेव्हा कोल्टला रस्ता मोकळा झाला. मग कारखान्यात पडलेले जुने ठासणीचे भाग फेकून न देता त्यातच बदल करून काडतुसी रिव्हॉल्व्हर बनवली गेली. टुकोच्या हातात आहे ती अशी बदललेली, म्हणजे गोष्टीच्या काळाच्या कितीतरी नंतरची.

स्मिथ अँड वेसनचं पहिलं काडतुसी रिव्हॉल्व्हर निघालं ते वर्ष वाचलं आणि मी थांबलो. 1857.

याला कारण होतं. त्याच आठवड्यात इतिहासाच्या सरांच्या रजेमुळं आठवीवर माझा बदली तास लागला होता आणि धडा होता 1857 चा. मी भाषेचा मास्तर, त्यामुळं शब्दांपासून सुरू केलं. उर्दूत बारूद, मराठीत दारू. फारसीत दारू म्हणजे औषध, आपल्याकडं येईपर्यंत ती बाटलीतही गेली आणि तोफेतही. उर्दूत कारतूस, मराठीत काडतूस. मराठीतला शब्द पोर्तुगीजांकडून आला. मुलं हसली. मग एकानं विचारलं, ‘‘सर, काडतूस तर लोखंडाचं असतं. ते दातांनी कसं फाडायचे?’’

चूक त्याची नव्हती. शब्द तोच राहिला, वस्तू बदलली. एन्फिल्ड बंदुकीचं काडतूस म्हणजे कागदाची सुरळी, आत दारू आणि गोळी. टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. सुरळीच्या गोळीकडच्या टोकाला चरबी लावलेली. गाईची की डुकराची, यावर छावण्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. फळ्यावर मी चित्र काढून दाखवलं.

पण मेरठचा प्रसंग सांगायला लागलो आणि स्वतःच अडखळलो. 24 एप्रिल 1857 ला तिसऱ्या घोडदळातल्या 90 शिपायांना परेडवर बोलावलं, त्यातल्या 85 जणांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. हिंदूही होते, मुसलमानही. गंमत अशी, की ती काडतुसं नवी नव्हतीच, वर्षानुवर्षं वापरातली जुनी होती. परेड तर नवी पद्धत दाखवायलाच भरवली होती: आता दातांनी नाही, हातानं फाडा. त्याआधी, वंगण तुमचं तुम्ही लावा, अशीही मुभा दिली गेली होती. तरीही 85 जण नाही म्हणाले. 9 मे रोजी सगळ्या फौजेसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या, आणि दुसऱ्या दिवशी मेरठ पेटलं.

मागचा एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, हातानं फाडा म्हटलं होतं, मग नाही का म्हटलं?’’

घंटा झाली म्हणून वाचलो. अर्थात बंडाला कारणं पुष्कळ होती, जमिनी, संस्थानं, पगार. पण त्याचा प्रश्न काडतुसाचा होता, आणि तो माझ्यासोबत घरी आला.

इंग्रजांनी 1866 मध्ये त्याच एन्फिल्ड बंदुका मागून कापून, तिथं बिजागरीचं झाकण बसवून, त्या काडतुसी करून टाकल्या. स्नायडर म्हणतात तिला. ना फाडणं, ना ठासणं. तोंडाचा प्रश्नच संपला. विश्वास मात्र बसला नाही, आणि आता तो सरकारच्या बाजूनंही उरला नव्हता. गोऱ्या पलटणींना नवी मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा कुठं देशी शिपायांच्या हातात ही स्नायडर आली. कायम एक पिढी जुनं हत्यार, मुद्दाम. 1878 च्या कायद्यानं तर हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना, युरोपियनांना सूट.

परवा नवी पेठेत मित्राच्या बेकरीवर हे सगळं त्याला सांगत होतो. तो खारी तोलत ऐकत होता. दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर एक मेसेज फिरला, आपल्या लोकांच्या बेकऱ्यांत खाण्यात काय काय मिसळतात म्हणून. त्यानं कुणाशी वाद घातला नाही. भटारखान्याची भिंत पाडून काच बसवली. पीठ मळणारा, भट्टी, सगळं रस्त्यावरून दिसतं. खर्च झाला, तोही उधारीवर.

‘‘म्हणजे मी आता कर्नलसाहेब झालो म्हण की,’’ तो हसला. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी त्या 85 जणांच्या बाजूनं उभा राहून हा धडा वाचला होता. समोर उभं राहून ‘बघा, यात काही नाही’ म्हणत राहणं कसं वाटतं, याचा विचार कधी केला नव्हता. आणि मेसेज वाचून घाबरलेल्या माणसाला वेडा म्हणायला माझी जीभ रेटेना. त्या शिपायांना मी कधी वेडे म्हटलं नाही.

तेवढ्यात एक काका आले. मित्राच्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक, मेसेजनंतर वर्षभर फिरकले नव्हते. ‘‘या काका,’’ म्हणून मित्रानं स्टूल पुढं केलं. काका बसले, नातवाचं विचारलं तर सांगितलं, पावसाबद्दल बोलले. काचेकडं एकदाही पाहिलं नाही. मग बरण्यांच्या मागं बोट दाखवून म्हणाले, ‘‘ते कंपनीचं बंद पाकीट दे बघू एक.’’