घुमटाखालची जागा

कल्याण–कर्जत लोहमार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्या मधले शेलू हे माझे गाव. घरातली वीज वारंवार जात असल्यामुळे माझा दहावीपर्यंतचा बहुतेक अभ्यास स्थानकाच्या फलाटावरील दिव्याखालीच झाला. वडील याच मार्गावर गँगमन होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मला अर्थशास्त्रासाठी प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, “बाबासाहेब जिथं वाचत बसायचे, ती जागा बघून ये.”

इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजाच्या सनदेने १७५४ साली किंग्ज कॉलेज म्हणून स्थापन झालेली, स्वातंत्र्ययुद्धात बंद पडलेली आणि १७८४ मध्ये राजाचे नाव टाकून कोलंबिया या नावाने पुन्हा उघडलेली ही खाजगी संस्था १८९७ पासून मॉर्निंगसाइड हाइट्सच्या चढावर नांदते आहे. ऊन पडले की लो ग्रंथालयाच्या रुंद पायऱ्या विद्यार्थ्यांनी फुलून जातात. तेथल्या विद्यादेवतेच्या पुतळ्याच्या वस्त्राच्या चुण्यांत दडलेले घुबड शोधण्याचा नवागतांचा परिपाठ मीही पाळला, आणि आपल्याकडे ज्याचे दर्शन अशुभ मानतात तो पक्षी ज्ञानाचे चिन्ह म्हणून तेथे पाहताना मला मोठा आनंद झाला.

बटलर ग्रंथालयात रात्रभर दिवे जळतात. पहिल्याच आठवड्यात तेथील लांब मेजाशी बसून, हीच ती जागा, असे मी मनाशी ठरविले आणि छायाचित्र वडिलांकडे रवाना केले. पुढे कळले की ही इमारत १९३४ ची. बाबासाहेब तर १९१३ च्या जुलैत आले आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. सयाजीराव महाराजांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीन वर्षांची मुदत, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करण्याचा करारनामा, एवढ्या शिदोरीवर त्यांनी अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम घेतले, सेलिग्मन आणि ड्यूई यांची व्याख्याने ऐकली, आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. त्या काळचे मुख्य ग्रंथालय म्हणजे लो. आज तेथे विद्यापीठाच्या कारभाराची कचेरी आहे.

मी पुन्हा त्या पायऱ्या चढलो. ज्या पायऱ्यांवर मी महिनाभर निष्काळजीपणे बसत आलो होतो, त्यांच्याच माथ्यावर ती जागा होती, ही जाणीव होऊन माझे पाय जड झाले. दगडी घुमटाखालच्या त्या वर्तुळाकार दालनात आता ग्रंथ नव्हते, मेजे नव्हती. तरी मी तेथे बराच वेळ उभा राहिलो, आणि चुकीची कबुली देऊन दुसरे छायाचित्र घरी धाडले.

वडिलांनी दूरध्वनीवर विचारले, “एवढ्या उंच खोलीत वाचायला दिवा कुठं असायचा?”

मी शोध घेतला. ग्रंथालय नवे असताना घुमटाखाली मोठा शुभ्र गोल टांगलेला असे, आणि रात्री त्यावर विजेचे झोत सोडीत, म्हणजे वाचणाऱ्यांवर चंद्राचा प्रकाश पडल्यासारखे वाटे. ते ऐकून वडील काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे आईला पण सांग,” आणि त्यांनी फोन तिच्या हाती दिला.