सैतानाने कापलेले शेत

भुताखेतांच्या गोष्टी कोणाला आवडत नाहीत? माझी नोकरी शेतीखात्यातली, मुक्काम गावोगावी. त्यामुळे मुंजा, हडळ, वेताळ या साऱ्यांची ओळख झालेली. पण साहेबाच्या मुलखातही सैतान शेतात उतरतो, हे वाचले तेव्हा मौज वाटली.

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथला सैतान भारी उद्योगी. स्टीव्हनेज येथे मातीचे सहा उंचवटे आहेत. ते सैतानाने टाकलेले ढिगारे, असे जुनी माणसे सांगत. खरे तर ती रोमन काळातली थडगी. ब्रेंट पेल्हमच्या पिअर्स शाँक्सला तर सैतानाने बजावले होते, चर्चच्या आत पुरला जा की बाहेर, तुझा जीव माझाच. शाँक्सने कबर भिंतीतच करून घेतली! आपल्या हिरण्यकश्यपूचा उंबरठा आठवला.

मात्र माझ्या मनात घर केले ते 1678 सालच्या एका छापील गोष्टीने. एका शेतकऱ्याचा दीड एकर ओट कापणीला आला होता. ओट म्हणजे आपण रब्बीत चाऱ्यासाठी घेतो तोच. शेजारच्या गरीब मजुराने मजुरी सांगितली, ती मालकाला जास्त वाटली. मजूर खाली यायला तयार झाला, तरी मालक चिडून म्हणाला, "तुझ्यापेक्षा सैतानाने कापलेला बरा!" त्या रात्री शेत पेटल्यासारखे दिसले. सकाळी पाहतात तो पीक गोल गोल कापून काडी न् काडी नीट रचलेली. पण मालकाची ते घरी आणायची छाती होईना. गोष्टीबरोबर विळा चालवणाऱ्या सैतानाचे चित्रही आहे. गोष्ट सैतानाची खरी, पण भांडण मजुरीचे. सुगीत असे भांडण बांधावर ऐकले नाही असा माणूस विरळा.

दुसरी हकिकत मात्र गोष्ट नव्हे, घडलेली आहे. ट्रिंगजवळच्या गबलकोट येथे 1745 च्या सुमारास रूथ ऑस्बोर्न नावाची म्हातारी एका गवळ्याच्या दारी ताक मागायला आली. डुकरांनाच पुरत नाही, म्हणून त्याने तिला हाकलले. ती बोट मोडत गेली. पुढे त्याची वासरे आजारली. हे वाचताना माझे मन आधी गोठ्यात गेले. चीक वेळेवर पाजला होता का? जमीन ओली होती का? त्या गवळ्याने मात्र म्हातारीचे नाव घेतले.

चेटुकाचा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यातून 1736 मध्येच गेला होता. तरी एप्रिल 1751 मध्ये बाजारांतून दवंडी पिटून माणसे जमवली. सत्तरीच्या त्या बाईला नवऱ्यासह चर्चमधून ओढून काढले, चादरीत बांधून डबक्यात बुडवले. थॉमस कोली नावाचा माणूस तिला काठीने ढोसत होता. ती तिथेच गेली. खेळ दाखवला म्हणून कोलीने गर्दीतून पैसेही गोळा केले. ऑगस्टमध्ये कोलीला गबलकोटलाच फाशी दिले आणि प्रेत साखळदंडात टांगून ठेवले.

पुढे त्या जागी रात्री एक मोठा काळा कुत्रा दिसतो, डोळे निखाऱ्यासारखे, असे लोक सांगू लागले. तो कोलीचा आत्मा, असे म्हणत. ताकाचा उल्लेख त्या भुताच्या गोष्टीत कोणी करीत नाही.