सिंगापूर : बिऱ्हाड हलवण्याआधी

चांगी विमानतळावरून निघालेली मेट्रो तानाह मेरा स्थानकात थांबते आणि तिथे वाटा फुटतात. पर्यटक शहराच्या मध्याकडे जाणारी गाडी धरतात, मरीना बेकडे. या प्रवासात मी उलट दिशेची गाडी धरली आणि सिमेई मागे टाकून टँपिनीसला उतरले. पुण्या-मुंबईतून नोकरीनिमित्त इथे यायला निघालेलं मराठी कुटुंब प्रत्यक्षात राहणार ते अशाच एखाद्या उपनगरात, आणि त्या कुटुंबाने शहर कसं पाहावं हाच या भटकंतीचा विषय होता. माझं म्हणणं असं, की परदेशी बिऱ्हाड हलवायचं घाटत असेल तर होकार कळवण्याआधी घरच्यांनी एकदा ते शहर पाहून यावं. आणि पाहताना, ज्याला नोकरी लागली आहे त्याच्यामागून ज्यांना जायचं आहे, त्यांच्या दिवसाच्या वाटेने चालावं. नोकरी लागलेल्या माणसाला शहर अर्धं तयारच मिळतं. कामाची जागा, सहकारी, ठरलेल्या वेळा आणि घराबाहेर पडायचं कारण त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून असतं. बायकोला, मुलांना आणि मागे राहणाऱ्या आजी-आजोबांना यातलं काहीच आयतं मिळत नाही. तरीही निर्णयाचं माप बहुतेक वेळा पगाराच्या आकड्यानेच घेतलं जातं.

मुलाच्या दिवसापासून सुरुवात केली, तर टँपिनीसमध्ये सकाळी सातच्या आत रस्त्यावर उतरावं लागतं. सिंगापूर विषुववृत्ताला जवळजवळ टेकलेलं आहे, त्यामुळे तिथे बाराही महिने सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. रेखांशाच्या हिशेबाने तो सहालाच उगवायला हवा. पण 1982 च्या आरंभी मलेशियापाठोपाठ सिंगापूरनेही आधीच पुढे असलेलं घड्याळ आणखी अर्धा तास पुढे सरकवलं आणि ते ग्रिनिचच्या आठ तास पुढे गेलं. सरकारी प्राथमिक शाळा साडेसातच्या सुमारास भरते, म्हणजे पाठीवर दप्तर घेतलेली मुलं अंधुक उजेडात घराबाहेर पडतात. याचा एक परिणाम थेट घरात पोचतो. भारताच्या आणि तिथल्या घड्याळात अडीच तासांचं अंतर आहे. पुण्यात आजी-आजोबा चहापाणी, फिरणं, देवापुढचा दिवा आटोपून साडेसातला निवांत होतात, तेव्हा सिंगापुरात दहा वाजलेले असतात आणि पहाटे उठणारं मूल झोपलेलं असतं. मूल शाळेला निघतं तेव्हा इकडे साडेचारची पहाट. नातवंडांशी बोलायची खरी वेळ उरते ती शाळा सुटल्यावरची, तिथल्या दुपारी दोन-तीनची, इकडच्या साडेअकरा-साडेबाराची. आजी-आजोबांचा दिवस त्या वेळेभोवती बसवायचा तर तेही आधी बोलून ठरवायला हवं.

शाळेत प्रवेश मिळणं ही आणखी वेगळी गोष्ट. सरकारी शाळेत परदेशी मुलाला पहिलीचा प्रवेश सगळ्यात शेवटच्या फेरीत, जागा उरल्या तर मिळतो. वरच्या इयत्तांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा आहे. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. आपल्याकडे ते जूनमध्ये सुरू होतं, त्यामुळे मूल अर्धं वर्ष पुढे तरी जातं किंवा मागे तरी पडतं. सीबीएसईच्या खासगी शाळांत हा खाचखळगा कमी जाणवतो, पण तिथलं शुल्क पगाराच्या आकड्यातून वजा करून पाहावं. भाषेचंही तसंच. सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांत तमिळ आहे आणि शाळेत मातृभाषा म्हणून हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दूही घेता येते. मराठी त्या यादीत नाही. मराठी घरातलं मूल बहुधा हिंदी घेतं आणि मराठीचं लिहिणं-वाचणं पूर्णपणे घरावर येऊन पडतं. ज्या घरात आई-वडील दोघंही संध्याकाळी उशिरा परततील तिथे ते कोण करणार, याचा विचार मला सामानाच्या वजनापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

घरांचं म्हणाल, तर टँपिनीसच्या इमारतींवर लांबूनही वाचता यावेत असे मोठे आकडे रंगवलेले असतात आणि तळमजला खांबांवर मोकळा सोडलेला असतो. तिथे म्हातारी माणसं बसतात, मुलं खेळतात, लग्नं लागतात आणि अंत्यविधीही होतात. ही सारी सरकारी गृहनिर्माण मंडळाची घरं. मंडळ 1960 मध्ये स्थापन झालं आणि आज तिथल्या चारपैकी तिघांहून अधिक रहिवासी त्याच्याच घरांत राहतात. एकाच वंशाची वस्ती एका जागी साचू नये म्हणून 1989 पासून प्रत्येक इमारतीत वंशवार मर्यादा आहे. परदेशी भाडेकरूंनाही मर्यादा आहे: मलेशियाचे नागरिक सोडले तर बाकी परदेशी कुटुंबांना भाड्याने दिलेली घरं वस्तीत 8 टक्के आणि इमारतीत 11 टक्के यांच्या पुढे जाऊ शकत नाहीत. भाडेकरारही किमान सहा महिन्यांचा. म्हणजे ओळखीच्या मराठी कुटुंबाच्या शेजारीच घर घ्यायचं, हा बेत कागदावरच अडू शकतो. शेजार नव्याने जोडावा लागेल आणि त्यासाठी तो मोकळा तळमजला पाहून येणं उपयोगाचं आहे. तिथे बसावंसं वाटतं की नाही, हे घरातल्या माणसांनाच कळेल.

सगळ्यात कमी बोललं जातं ते बायकोच्या नोकरीबद्दल. नवऱ्याच्या नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या आश्रित परवान्यावर पूर्वी एका संमतिपत्राने नोकरी करता येत असे. 1 मे 2021 पासून तिला स्वतःचा कामाचा परवाना लागतो आणि त्याच्या अटी तिने स्वतंत्रपणे पूर्ण कराव्या लागतात. पुण्यात दहा-बारा वर्षं नोकरी केलेली बाई सिंगापूरला उतरते तेव्हा कायद्याच्या नजरेत ती ‘आश्रित’ असते. काही जणी याचा आनंदाने स्वीकार करतात, काहींना ते आतून पोखरतं. कुठल्याही बाईने हे विमानातून उतरल्यावर शोधून काढावं, हे मला अन्यायाचं वाटतं. आई-वडिलांना कायमचं बरोबर नेण्याची आशाही अशीच तपासून घ्यावी. परवानाधारकाचा महिन्याचा पगार किमान 12,000 सिंगापूर डॉलर असेल तरच त्याच्या आई-वडिलांना दीर्घ मुक्कामाचा परवाना मागता येतो. पत्नी-मुलांसाठी ही मर्यादा 6,000 आहे. या दोन आकड्यांमधल्या पगारावर गेलेल्या घरात आजी-आजोबा पाहुणेच राहतात, व्हिसा काढून येणारे आणि मुदत संपली की परतणारे.

स्वयंपाकघराची काळजी मात्र बरीचशी अनाठायी आहे. लिटल इंडियातल्या टेक्का बाजारात कढीपत्ता, शेवगा, नारळ सगळं मिळतं. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे, ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली. दिवाळीच्या अनारशांचं सामान किंवा खसखस घातलेला घरचा मसाला बॅगेत भरणाऱ्या आईला हे कुणीतरी आधी सांगायला हवं. झोपेच्या आणि काही खोकल्याच्या औषधांनाही पूर्वपरवानगी लागते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या गोवर आणि घटसर्पाच्या लसीचे दाखलेही आश्रित परवान्यासाठी मागितले जातात.

यावर कुणी म्हणेल की हे सगळं घरबसल्या वाचता येतं, मग तिकिटांचा खर्च कशाला? नियम वाचता येतात, हे खरं. पण ज्या आजींचे गुडघे दुखतात त्यांना इमारतीपासून स्थानकापर्यंत पावसातही चालता येईल का, याचं उत्तर पायांनीच मिळतं. टँपिनीसमध्ये मला ते आशादायक वाटलं, कारण इमारती, बसथांबे आणि स्थानक यांना जोडणाऱ्या छत घातलेल्या पायवाटा तिथे आहेत आणि चढ जवळजवळ नाहीत. पाहून आल्यावर माणसं कचरतात, हा दुसरा आक्षेप निम्माच खरा आहे, तो याचमुळे. पाहिल्याने काही भीती उलट निघून जातात. खर्चाचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण मुंबईहून साडेपाच तासांच्या आसपासचा हा प्रवास आहे, आणि भाडेकरार मध्येच मोडून, मुलाची शाळा सोडवून परत येण्याचा खर्च त्याहून कितीतरी जास्त आहे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपली माणसं पूर्वी न पाहताच गेली. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारावर मॉरिशसला गेलेली मराठी कुटुंबं कुठे पाहणी करून गेली होती? त्यांनी तिथे भाषा टिकवली, देवळं बांधली. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांना निवड नव्हती. ज्यांना निवड आहे त्यांनी ती न वापरण्यासाठी त्या सोसण्याचा दाखला देणं, हा त्या सोसण्याचाच अपमान आहे. दोन-तीन वर्षांसाठीच तर जायचंय, असंही म्हटलं जातं. पण मुक्काम लांबतो, कायम रहिवासाचा अर्ज होतो, आणि आई-वडिलांबरोबर तो दर्जा मिळालेल्या मुलाला वयात आल्यावर दोन वर्षांची सक्तीची राष्ट्रसेवा लागू होते. आज पाच वर्षांच्या असलेल्या मुलाच्या अठराव्या वर्षाबद्दलचा हा निर्णय आहे, आणि तो घेताना घरात नुसती सही होऊ नये.

पाहायला जायचंच, तर मेच्या शेवटापासून जूनअखेरपर्यंतचा आणि नोव्हेंबर-डिसेंबरचा काळ टाळावा, कारण तेव्हा तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि सकाळी सातच्या आत रस्त्यावर मुलं दिसत नाहीत. मेचा पहिला पंधरवडा बरा. आपल्याकडे परीक्षा संपलेल्या असतात, तिथे शाळा भरलेल्या असतात, आणि घरातल्या सगळ्यांना एकत्र निघता येतं.