केबिन सरळ करून उतर

पोकलेन चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आमच्याकडे मशीन कुणाचंही असो, म्हणायचं पोकलेनच.) एवढ्या वर्षांत मशीन कधी उलटलं नाही. मी पडलो तो इंजिन बंद करून उतरताना.

पावसाळा, काळं रान, चर खणायचं काम. जेवायची सुट्टी झाली. केबिन चेनला आडवी उभी होती. ती सरळ केली की चेन आणि तिच्या फ्रेमवरची पायरी बरोबर दाराखाली येते. दोन सेकंदांचं काम, पण भूक लागलेली. एका हातात डबा, दुसऱ्यात मोबाइल, आणि मारली उडी. चिखलाखाली दगड होता. घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर.

खाटेवर पडल्या पडल्या विहीर आठवली. आमच्या जुन्या विहिरीत भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या होत्या. त्या उतरताना आम्ही पोरं भिंतीकडे तोंड करायचो, दगड धरायचो, पायानं खालची पायरी चाचपायचो. कुणी शिकवलं नव्हतं. मशीनवरून मात्र चालत्या एसटीतून उतरावं तसे उतरतो! वर चार तास बसून पाय बधिर झालेले असतात, हे उडी मारेपर्यंत कळतही नाही.

आता हेल्पर पोरांना आधी उतरायला शिकवतो, लिव्हर नंतर. दोन हात, एक पाय. नाहीतर दोन पाय, एक हात. तीन जागा कायम टेकलेल्या हव्यात. तोंड मशीनकडे. चढताना जॉयस्टिकला हात लावायचा नाही. इंजिन चालू असलं आणि लॉक लिव्हर लावलेला नसला, तर ओढाताणीत बूम फिरतो. पिनांना ग्रीस मारलं की आधी हात पुसायचे, धरायचा दांडा पुसायचा, मगच वर. काळ्या मातीचा थर बुटाला चढला की खाचा बुजतात, बूट गुळगुळीत होतो; तो खरवडूनच पायरीवर पाय ठेवायचा. पोरं हसतात. उडी मारण्यात त्यांना रुबाब वाटतो, मला तो कच्चेपणा वाटतो.

डबा आता मी दोरीनं खाली सोडतो.